वेट डिस्ट्रिब्युशन हिच लावायची की नाही: आम्ही कसं ठरवलं

ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायचं चाकांवरचं घर, घ्यायचा म्हटलं की वेट डिस्ट्रिब्युशन हिचचा विषय निघतोच, आणि त्यावर प्रत्येकाचं मत तयार असतं. हिच म्हणजे गाडी आणि ट्रेलर यांना जोडणारी अडकण. या प्रकारची हिच ट्रेलरचं गाडीवर येणारं वजन पुढच्या-मागच्या चाकांवर वाटून देते. ट्रेलर विकणाऱ्याच्या मते ती लागतेच. वर्षानुवर्षं ट्रेलर ओढणारे काहीजण म्हणतात, ट्रक दणकट आहे, एवढ्याशा ट्रेलरला कशाला हवं ते लोढणं? मी आणि माझ्या नवऱ्याने दोन्ही बाजूंचं ऐकून घेतलं. पण त्यांच्यापैकी कुणीही आमच्या गाडीचं वजन केलेलं नव्हतं. शोधताना मला सल्ले भरपूर मिळाले, आकडे मात्र फार कमी. म्हणून इथे आमचे आकडे जसेच्या तसे देते आहे. अमेरिकेत सगळा हिशोब पौंडांत चालतो, तेव्हा तेच एकक ठेवते.

आमच्याकडे चार दारांचा हाफ-टन पिकअप ट्रक आहे (हाफ-टन हे मोठ्या पिकअपमधल्या हलक्या वर्गाचं नुसतं नाव, वजन नव्हे). ट्रेलर दोन ॲक्सलचा. ब्रोशरवर त्याचं कोरं वजन ५,२०० पौंड, सामानासकट कमाल मर्यादा ६,८०० पौंड आणि हिचवर येणारं वजन, म्हणजे टंग वेट, ५६० पौंड. यातले पहिला आणि तिसरा हे दोन आकडे निर्णयासाठी धरायचेच नसतात हे लवकर समजलं ते बरं झालं. कोऱ्या ट्रेलरमध्ये सहसा बॅटरी धरलेली नसते, भरलेले गॅस सिलिंडर नसतात, पाणी, भांडी, अंथरुणं, खुर्च्या यांतलं काहीच नसतं. त्यात बॅटरी आणि सिलिंडर बसतात ते थेट ट्रेलरच्या जिभेवर, म्हणजे गाडीला अडकणाऱ्या पुढच्या टोकावर. २० पौंड गॅसचा एक सिलिंडर टाकीसकट ३७-३८ पौंडांचा भरतो, आणि आमच्या ट्रेलरला असे दोन आहेत. म्हणजे एक कपडा आत ठेवायच्या आधीच टंग वेट ब्रोशरच्या पुढे गेलेलं असतं.

हिशोबाला बसायच्या आधी तीन गोष्टी वाचल्या. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर पिवळं स्टिकर असतं, त्यावर माणसं आणि सामान मिळून गाडी किती वजन पेलेल ते लिहिलेलं असतं. आमच्या गाडीचा हा पेलोड १,६३० पौंड. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत येते ती ओढण्याची क्षमता. ती बहुतेक कंपन्या ज्या मानकाने काढतात त्यात गाडीत चालक आणि एक प्रवासी, प्रत्येकी १५० पौंडांचे, एवढीच माणसं धरलेली असतात. चारजणांचं कुटुंब आणि मागच्या हौद्यात सामान असेल तर आधी पेलोड संपतो, ओढण्याची क्षमता नंतर.

दुसरं स्टिकर खाली वाकून वाचावं लागलं. ते रिसीव्हरवर, म्हणजे बंपरखालच्या त्या चौकोनी नळीवर असतं. त्यावर दोन ओळी होत्या. साध्या बॉलवर, म्हणजे ट्रेलरची जीभ ज्यावर टेकते त्या लोखंडी गोळ्यावर, थेट वजन घेतलं तर ट्रेलर ५,००० आणि टंग ५००. वेट डिस्ट्रिब्युशन हिच लावली तर ट्रेलर १०,००० आणि टंग १,०००. तिसरी गोष्ट गाडीचं मॅन्युअल. त्यातही ५,००० पौंडांच्या वरच्या ट्रेलरसाठी ही हिच लावा असंच लिहिलेलं होतं.

खरं तर आमच्यापुरता प्रश्न इथेच मिटला. ट्रेलर कोराच ५,२०० चा, त्यामुळे साधा बॉल बादच. हे एवढं स्पष्ट लिहिलेलं असताना लोक त्यावर तासन्‌तास वाद घालतात याचं मला फार आश्चर्य वाटलं. उलट बाजूही सांगायला हवी. काही एसयूव्ही आणि क्रॉसओव्हरच्या मॅन्युअलमध्ये ही हिच लावू नका असं बजावलेलं असतं, कारण त्यांची बॉडी किंवा रिसीव्हर तो पीळ सहन करण्यासाठी बनवलेला नसतो. तिथे ट्रेलर कितीही जड वाटला तरी उत्तर 'नाही' हेच, आणि मग ट्रेलरच हलका बघायचा.

तरी आम्ही इथे थांबलो नाही. 'लावा' म्हटल्याने ती किती ताणून लावायची ते कळत नाही, आणि आपल्या गाडीत नेमकं काय बिघडतंय हे समजल्याशिवाय ती नीट बसवताही येत नाही.

बिघडतं ते असं. बॉल मागच्या ॲक्सलच्या बराच मागे असतो. तिथे वजन टाकलं की मागचा ॲक्सल टेकूचं काम करतो. पहारीच्या एका टोकावर भार दिला की दुसरं टोक जसं उचललं जातं, तशी गाडीची पुढची बाजू उचलली जाते. त्यामुळे मागच्या चाकांवर टंग वेट तर येतंच, शिवाय पुढच्या चाकांवरून जेवढं वजन उठलं तेवढंही मागेच येऊन पडतं. स्टिअरिंग पुढच्या चाकांचं, आणि ब्रेक लावल्यावर गाडी थांबवण्याचा मोठा वाटाही पुढच्या ब्रेकचा. तीच चाकं हलकी झाली तर वळणावर गाडी उशिरा ऐकते, ओल्या रस्त्यावर पकड कमी पडते आणि रात्री हेडलाइट समोरून येणाऱ्यांच्या डोळ्यांत जातात. मागून गाडी किती बसली यावर सगळ्यांची नजर असते, पण धोका पुढे असतो. माझ्या मते हिचचा निर्णय पुढच्या ॲक्सलकडे बघूनच घ्यायला हवा.

किती वजन उठेल हे घरच्या घरी काढता येतं. त्यासाठी खरं टंग वेट हवं. ट्रेलर घरी पोचता झाला होता. त्यात प्रवासाला न्यायचं ते सगळं सामान भरलं आणि बाथरूममधला वजनकाटा बाहेर आणला. एक जाड लाकडी वासा घेतला. त्याचं एक टोक विटेवर ठेवलेल्या लोखंडी नळीवर, दुसरं काट्यावर ठेवलेल्या नळीवर, आणि दोन्हींमध्ये बरोबर तीन फूट अंतर. ट्रेलरची जीभ विटेपासून एक फुटावर वाशावर टेकवली. अशा मांडणीत काट्यावर टंग वेटचा तिसरा हिस्सा येतो, म्हणून साधा काटाही पुरतो. चाकांना आधी पुढून-मागून अडण्या लावायच्या आणि ट्रेलर समपातळीत ठेवायचा, नाहीतर आकडा फसवतो. जॅक हळूहळू वर घेत गेलो, नवरा वाशाजवळ बसून काटा वाचत होता. २६० वर आकडा स्थिर झाला. तिपटीने ७८० पौंड. ब्रोशरमध्ये होते ५६०.

हे ७८० ऐकून आधी वाटलं, सामान मागे सरकवून हा आकडा खाली आणावा. तसं करू नका. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के वजन जिभेवर असावं हा अमेरिकेतला रूढ नियम आहे, आणि तो सोयीसाठी नाही, स्थैर्यासाठी आहे. जीभ हलकी आणि शेपूट जड झाली की ट्रेलर वेगात डुलायला लागतो. (युरोपात कॅराव्हानचं नाकावरचं वजन बहुधा ७५ ते १०० किलोंच्या आत ठेवतात. तिथले ट्रेलर, वेगमर्यादा आणि बॉलची रचना सगळंच वेगळं, त्यामुळे तिथला सल्ला उचलून इथे लावण्यात अर्थ नाही.) आमचा भरलेला ट्रेलर ६,२०० च्या आसपास जाणार असा अंदाज होता. त्याचे ७८० म्हणजे साडेबारा टक्के. चांगलं प्रमाण. ते तसंच ठेवलं.

आता टेपने दोन अंतरं मोजली. पुढच्या ॲक्सलपासून मागच्या ॲक्सलपर्यंत, म्हणजे व्हीलबेस, १४५ इंच, आणि मागच्या ॲक्सलपासून बॉलपर्यंत ६२ इंच. ७८० ला ६२ ने गुणून १४५ ने भागलं की ३३४ येतात. म्हणजे साध्या बॉलवर ट्रेलर अडकवला तर पुढच्या चाकांवरून सुमारे ३३४ पौंड उठणार आणि मागच्या चाकांवर अकराशेच्या वर वाढणार. सूत्र शाळेतलंच आहे, पण एकदा हातात आलं की समोरच्याचं 'माझा ट्रक तर हलतसुद्धा नाही' हे वाक्य तपासून घेता येतं. एकच टंग वेट, पण १४५ इंचांऐवजी ११५ इंच व्हीलबेसच्या एसयूव्हीमागे लावलं आणि मागचं अंतर तेवढंच धरलं, तर पुढून ४२० पौंड उठतात. त्यामुळे 'इतक्या पौंडांच्या पुढे हिच हवी' असा एकच आकडा सगळ्या गाड्यांना लागू होऊ शकत नाही.

हिचचं काम या उचलण्याच्या उलट आहे. तिच्या डोक्यातून दोन स्प्रिंग बार निघून ट्रेलरच्या चौकटीखालून मागे जातात आणि साखळीने किंवा कंसाने वर ताणून बांधले जातात. त्या ताणामुळे हिचच्या डोक्याला उलटा पीळ बसतो, मागच्या ॲक्सलवरचं थोडं वजन पुढच्या ॲक्सलवर परत जातं आणि थोडं ट्रेलरच्या चाकांवर.

हिच घेतली ती १,००० पौंड टंगच्या मर्यादेची. बार निवडताना मोजलेलं टंग वेट धरावं आणि हौद्यात मागच्या ॲक्सलच्या मागे जे सामान असेल तेही त्यात मिळवावं, असं बहुतेक हिच बनवणारे सांगतात. फार ताठ बार घेतले तर खड्ड्यातला दणका थेट ट्रेलरच्या चौकटीत जातो आणि गाडीही खडखडत चालते. फार नरम घेतले तर ते वाकतात, पण वजन पुढे ढकलत नाहीत. मोठंच घेऊन ठेवू, पुढे उपयोगी पडेल, हा विचार इथे चालत नाही.

मग ट्रक स्टॉपवरच्या वजनकाट्यावर गेलो. अमेरिकेत महामार्गांवर जागोजागी असे काटे आहेत, कॅट स्केलचे सगळ्यात जास्त दिसतात. काट्याच्या पट्ट्या वेगवेगळ्या असतात, त्यामुळे पुढचा ॲक्सल, मागचा ॲक्सल आणि ट्रेलरचे ॲक्सल यांची वजनं तिकिटावर निरनिराळी छापून येतात. २० पौंडांच्या पटीत येतात, एवढी अचूकता पुरेशी आहे. ट्रकवाल्यांच्या रांगेत ट्रेलर घेऊन उभं राहताना मला संकोच वाटत होता, पण कुणी काही म्हणत नाही, फक्त काट्यावर विनाकारण रेंगाळायचं नाही. सगळेजण गाडीतच बसून राहिलो, कारण प्रवासात आम्ही गाडीतच असणार. गाडीची इंधनाची टाकीही काठोकाठ भरलेली होती.

तीन वजनं घ्यायची. बार ताणलेले, बार सोडलेले आणि नुसती गाडी. क्रमही हाच ठेवला, कारण बार न लावता रस्त्यावर निघणं म्हणजे रिसीव्हरची मर्यादा मोडणं. बार सोडून फक्त त्याच आवारात सावकाश फेरी मारून काट्यावर परत आलो.

नुसत्या गाडीचं वजन, हिचचं डोकं धरून: पुढे ३,२६०, मागे २,७६०. ट्रेलर अडकवला पण बार सोडलेले: पुढे २,९२०, मागे ३,८८०, ट्रेलरची चाकं ५,४२०. पुढून उठले ३४० पौंड, कागदावर आले होते ३३४. नवऱ्याने तिकीट पुन्हा पुन्हा वाचलं. मला मात्र दुसराच आकडा दिसत होता. मागच्या ॲक्सलची मर्यादा ३,८५० आणि त्यावर ३,८८०. म्हणजे गाडीचं एकूण वजन मर्यादेत, ट्रेलर मर्यादेत, पेलोडही मर्यादेत, आणि तरी एक ॲक्सल हद्दीबाहेर. हे डोळ्यांनी दिसलं नसतं. चाकावरच्या कमानीची उंची मोजली तेव्हा पुढची बाजू पाऊण इंच वर गेलेली होती. पाऊण इंच कुणाच्या लक्षात येतो?

बार ताणल्यावर पुढे ३,१२०, मागे ३,५८०, ट्रेलरवर ५,५२०. पुढे २०० पौंड परत आले, १०० ट्रेलरच्या चाकांवर गेले, मागचे ३०० उतरले. तिन्हींची बेरीज दोन्ही वेळा १२,२२० च. वजन कुठेही नाहीसं होत नाही, त्याची फक्त फेरवाटणी होते.

पुढचं सगळंच्या सगळं वजन परत आणायचं का, यावर मी बरंच वाचलं. पूर्वी सर्रास तसंच सांगत, किंबहुना पुढे मूळच्यापेक्षा जास्तच ढकलणारेही होते. आता अनेक मॅन्युअलमध्ये उठलेल्या वजनाचा काही भागच, बऱ्याचदा निम्म्याच्या आसपास, परत आणायला सांगतात. कारण मागचा ॲक्सल गरजेपेक्षा हलका केला तर मागच्या चाकांची आडवी पकड कमी होते, आणि तातडीच्या वळणात गाडीची मागची बाजू निसटू शकते. आमच्या मॅन्युअलमध्ये निम्मं सांगितलेलं आहे. ३४० पैकी २०० म्हणजे निम्म्याहून थोडं जास्त. साखळीची एक कडी कमी ताणली तर निम्म्याच्या बरंच खाली जात होतं, म्हणून इथेच ठेवलं. मागची बाजू आडव्या रेषेत दिसेपर्यंत ताणत राहायचं हा सल्ला मला पटत नाही. भरलेली गाडी मागून थोडी बसणारच.

बार चढवताना जॅकने ट्रेलरची जीभ आणि तिच्यासोबत गाडीची मागची बाजू चांगली वर उचलून घ्या. मग कडी हाताने सहज अडकते. न उचलता लोखंडी दांड्याच्या जोरावर ओढायला गेलात तर तो दांडा केवढ्या ताकदीने उलटा येईल याचा नेम नाही. सोडतानाही तसंच. मी त्या वेळी मुलांना दूर उभं करते, आणि स्वतः बाराच्या रेषेत कधी उभी राहत नाही.

पेलोडबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे, की ही हिच लावली की गाडी जास्त पेलते. स्टिकरवरचा कुठलाही आकडा तिने वाढत नाही. आमची माणसं ५४०, हौद्यातलं सामान १५०, टंग ७८० आणि हिचचं डोकं ६०. बेरीज १,५३०, पेलोड १,६३०. हिच स्वतःच या हिशोबात जागा खाते. १०० पौंड ट्रेलरच्या चाकांवर गेले ही खरी गोष्ट, पण त्या भरवशावर हौद्यात आणखी सामान भरायला मी तयार नाही. एअर बॅगचंही तेच. मागच्या स्प्रिंगजवळ हवेच्या पिशव्या बसवल्या की गाडीची मागची बाजू वर येते आणि दिसायला सगळं छान दिसतं, पण पुढच्या ॲक्सलवर वजन परत येत नाही. पुढची चाकं तितकीच हलकी राहतात, फक्त ते कळेनासं होतं. ही मला जास्त काळजीची बाब वाटते.

ट्रेलर डुलण्यावरचा उपाय म्हणून ही हिच घेणारेही बरेच आहेत. वजनाची वाटणी आणि डुलणं रोखणं ही दोन वेगळी कामं आहेत. काही हिचमध्ये घर्षणाने डुलणं रोखण्याची सोय बारमध्येच असते, काहींना वेगळा घर्षणाचा दांडा जोडावा लागतो. तसा दांडा असेल तर ट्रेलर मागे घेताना तो आधी काढायचा असतो, नाहीतर कडक वळणात वाकतो. आमच्या हिचमध्ये घर्षण आतच आहे. त्याचा उपयोग मोठा ट्रक शेजारून वेगाने जातो तेव्हा होतो. पण सामान चुकीचं भरलेला ट्रेलर तिने सुधारत नाही. तो सुधारायचा तर सामानच हलवावं लागतं.

आमच्या ओळखीतल्या एकांकडे लांब व्हीलबेसचा थ्री-क्वार्टर टन, म्हणजे आमच्याहून एक वर्ग दणकट, ट्रक आहे आणि मागे छोटा, ३,००० पौंडांच्या आतला ट्रेलर. त्यांनी विचारलं, 'वहिनी, मी पण घेऊ का ही हिच?' त्यांचं रिसीव्हरचं स्टिकर वाचलं, टंग वेट मोजलं. ३४० पौंड निघालं. पुढून उठत होते सव्वाशेच्या आतबाहेर, तेही मुळात जड असलेल्या पुढच्या ॲक्सलवरून. मॅन्युअलची सक्ती नाही, कुठलीही मर्यादा जवळपासही नाही. नका घेऊ म्हटलं. साधा बॉल, उंची बरोबर जुळवलेला बॉल माउंट (बॉल ज्यावर बसतो तो दांडा) आणि ट्रेलरचे ब्रेक नीट जुळवलेले, एवढं त्यांना पुरतं.

आमचं एक वजन अजून घ्यायचं राहिलंय. वरची सगळी वजनं रिकाम्या पाण्याच्या टाकीची आहेत. आमची टाकी ४० गॅलनची, आणि ती ट्रेलरच्या ॲक्सलच्या पुढे आहे. गॅलनला ८.३४ पौंड धरले तर ती भरल्यावर ३३० पौंडांहून जास्त वाढतात आणि त्यातला काही वाटा जिभेवर येतो. शिल्लक पेलोड १०० पौंडांचा आहे. तो वाटा त्यात मावला तर टाकी भरून निघता येईल, नाही मावला तर पाणी मुक्कामी पोचल्यावर भरायचं. पुढच्या वेळी टाकी भरून आधी काट्यावर जाणार आहोत.